खोबरं खवट होतं हे सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून

सल्ला मागणारं एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, नाव-गाव काढून थोडक्यात देतेय.

ताई चाळिशीतल्या आहेत, कोल्हापूरजवळ कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचं युनिट चालवतात. सुरुवात घरच्या गॅसवर झाली, आता एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे, भाजायचं मशीन आहे, कांडप मशीन आहे, बावीस बायका कामाला आणि डिलिव्हरीला दोन पोरं. हिशेब दीर बघतात. माल कोल्हापूर, सांगली आणि आता पुण्यालाही जातो. या एप्रिलमध्ये ऐन सीझनला पुण्याच्या डीलरनं एक अख्खा लॉट परत पाठवला, चटणीला खवट वास येतोय म्हणून. ताईंनी चौकशी केली तर कळलं की खोबरं भाजणाऱ्या दोघींना पोतं फोडलं त्याच दिवशी वास आला होता, पॅकिंगच्या टेबलापर्यंत चर्चा गेली होती, दिरांच्या कानावरही काहीतरी होतं. ताईंना एकीनंही सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "तुमास्नी ताप नको म्हणून सांगितलं न्हाई." ताई सगळ्यांसमोर रडल्या आणि त्याची त्यांना आता लाज वाटते.

पुढं त्या लिहितात, "मी आजवर कुणाला वाकडा शब्द बोलले नाही. पगार एक तारखेला, गणपतीला साडी, एकीच्या पोरीची कॉलेजची फी भरली. दिवाळीत लेबलं वाकडी लागली तर त्यांना घरी पाठवून रात्री एकपर्यंत मी स्वतः बसून तीनशे पाकिटं नीट केली, पण कुणाला बोलले नाही. सगळे म्हणतात तू फार मऊ आहेस, बायका डोक्यावर बसल्यात. सुपरवायझर ठेवला, बायका त्याचं ऐकायच्या नाहीत, चार महिन्यांत गेला. डीलरकडं पैसे अडकलेत ते मागायला जीभ उचलत नाही. दीर म्हणतात चुकलं की पगार काप, आपोआप सरळ होतील. पुण्यात लीडरशिपचा एक कोर्स आहे, फी बरीच आहे. कडक व्हायला शिकू, की हे आपलं काम नाही म्हणून धंदा कुणाच्यातरी हातात देऊ?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आणि तुमच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकलीय, की तुम्ही मऊ आहात म्हणून त्या बायकांना तुमची फिकीर नाही, आणि म्हणून त्यांनी सांगितलं नाही. पण त्या स्वतः काय म्हणाल्या ते तुम्हीच लिहिलंय की. ताईंना ताप नको. हे बेफिकीर माणसाचं बोलणं वाटतं का तुम्हाला? मला तर हे उलटं दिसतंय. त्या तुम्हाला जपत होत्या, आणि मालकिणीला जपायची वेळ कामगारावर का यावी हा खरा प्रश्न आहे, त्याचं उत्तर त्या खोबऱ्याच्या पोत्यात सापडायचं नाही, दिवाळीच्या त्या रात्रीत सापडेल.

ती रात्र जरा लेबलं लावणाऱ्या बाईच्या बाजूनं बघा. संध्याकाळी ताई म्हणाल्या जावा गं घरी, उशीर झाला. सकाळी आली तर तिनं लावलेली तीनशे पाकिटं सगळी खरवडून नव्यानं लावलेली, ताईंचे डोळे लाल, आणि तोंडातून एक शब्द नाही. ताई हसून "चहा घेतला का?" विचारतायत. ती बाई काय शिकली? तिला लेबल सरळ कसं लावायचं ते कुणी दाखवलं नाही, म्हणजे ते ती शिकली नाहीच. शिकली ती एवढंच, की आपल्या हातून चुकलं की ताईंची झोप जाते आणि आपल्या कामावर ताईंचा भरवसा नाही. आता सांगा, पुढच्या वेळी पोत्यातून वास आला तर ती पळत येऊन तुम्हाला सांगेल, का म्हणेल जाऊ दे, भाजलं की जाईल वास? त्यात सीझन. त्यात तुम्ही आधीच दमलेल्या. मी तिथं असते तर मीही गप्प बसले असते, खरं सांगते.

तुम्ही याला चांगुलपणा म्हणता. चांगुलपणा आहेच त्यात, नाही असं कोण म्हणेल. पण त्यात दुसरंही काहीतरी मिसळलंय, आणि ते बघायला थोडं धाडस लागेल. कुणाला तोंडावर "हे चुकलं" म्हणायचं म्हणजे दोन मिनिटं अवघड जातं, समोरचीचा चेहरा पडतो, कदाचित ती आपल्यावर रुसते. ती दोन मिनिटं टाळायला तुम्ही रात्री चार तास काम केलंत. म्हणजे ती रात्र तिच्यासाठी नव्हती ताई, बरीचशी तुमच्या स्वतःसाठी होती, आपण कुणाच्या मनातून उतरू नये म्हणून. मी टोचून बोलतेय असं वाटलं तर वाटू दे, हे आपल्याकडं घरोघरी मुलींना शिकवलेलंच असतं, त्यात तुमचा दोष कमी आहे. पण बावीस जणींचा पगार ज्या गाळ्यावर चालतो तिथं ही सवय महागात पडते, तुम्हाला ती पुण्याच्या लॉटला पडलीच.

आता दिरांचा उपाय बघू. पगार कापा. एक तर कायद्यानं मनाला येईल तसा पगार कापता येत नाही हे त्यांना सांगा. पण ते बाजूला ठेवलं तरी हिशेब काय होतो बघा. आज सांगितलं तर ताईंना त्रास होतो म्हणून त्या लपवतायत. उद्या सांगितलं तर दोनशे रुपये जातात म्हणून लपवतील. लपवणं तेच राहिलं, फक्त कारण बदललं, आणि आधीच्या कारणात निदान माया तरी होती. मला इथल्या उद्यमनगरातले, शिरोलीतले कारखान्यांचे मालक माहीत आहेत, आत शिरले की शिव्यांनी सुरुवात, अख्खा शेड चिडीचूप. लोक म्हणतात काय दरारा आहे. पण तिथंही खराब कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) ढिगाच्या तळाला जातं आणि कस्टमरकडून परत आल्यावर मालकाला कळतं. तुम्ही रडता, तो ओरडतो, आणि कामगार दोन्हीकडं एकच गोष्ट करतो. म्हणून मला कडक की मऊ हा वादच फार कामाचा वाटत नाही. धंदा चालवणाऱ्या माणसाची मी एकच गोष्ट आधी बघते, खालची वाईट बातमी वर यायला किती वेळ लागतो. तुमच्याकडं ती व्हाया पुणे आली.

अमेरिकेत हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांमधल्या टीमचा अभ्यास केला होता, पेशंटला औषध देताना होणाऱ्या चुकांचा. त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या, कारण तिथल्या मुख्य नर्ससमोर बोलायची कुणाला भीती नव्हती. बाकीच्या टीम कागदावर स्वच्छ होत्या, कारण सगळं झाकलेलं. तर तुमच्या गाळ्यात पुढच्या दोन महिन्यांत तक्रारी वाढल्या, रोज काहीतरी बिघडल्याचं कुणीतरी सांगायला यायला लागलं, तर घाबरू नका, दिरांनाही घाबरू देऊ नका. बिघडत आधीही होतं.

एक वाक्य तुमच्या पत्रात दोन-तीनदा आलंय, "आम्ही सगळ्या एका घरच्यासारख्या." ऐकायला गोड आहे. पण खऱ्या घरात काय चालतं ते आपल्याला माहीत नाही का? भाजी खारट झालीय हे सून सासूला म्हणते का? ताटात गप वाढते, वरून पाणी पिते. घरात लहानानं मोठ्याची चूक काढायची नसते, मोठ्यानं लहानाचं काम गुपचूप निस्तरायचं असतं, आणि कुणी कुणाला स्पष्ट विचारायचं नसतं. तुम्ही गाळ्यात घर आणलंत तर घराचे हे नियमही आलेच की बरोबर. माया ठेवा, फी भरा, साडी द्या, ते तुमचं मोठेपण आहे आणि ते सोडू नका, बावीस जणी इतकी वर्षं टिकल्यात त्या त्याच्याचमुळं. पण कामाचं बोलणं कामासारखं होऊ दे.

म्हणजे कसं, तर सुरुवात त्या दोन मावशींपासून करा, कारण ते प्रकरण अजून उघडंच आहे. सगळ्यांना गोळा करून "आपल्यापैकी काही जणींनी" अशा सुरात भाषण देऊ नका. ते आपल्याकडं फार चालतं, एकीला बोलायचं असतं आणि वीस जणींना ऐकवतात, मग जिला लागायला हवं तिला लागत नाही आणि बाकीच्या उगाच खट्टू होतात. दोघींना बाजूला घ्या, बसवा, आणि साधं बोला. "मावशी, पोतं फोडलं तवा वास आला हुता तुम्हाला. तरी कढईत गेलं. पुण्याचा लॉट परत आला, एवढ्याचं नुकसान झालं." आकडा खरा सांगा, तोंडावर. "मला त्याच दिवशी सांगितलं असतं तर पोतं दुकानदाराला परत गेलं असतं. सांगायचं का राहिलं?" आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. तुम्हाला दोन सेकंदात वाटेल की बिचाऱ्या, आणि तुम्ही म्हणाल "जाऊ दे, झालं ते झालं, चहा घ्या." म्हणू नका. त्यांना बोलू दे. कदाचित कळेल की त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता आणि तुम्ही फोनवर होता. कदाचित कळेल की दिरांना सांगितलं होतं आणि ते म्हणाले सीझन आहे, चालवा. (मला याचा थोडा वास येतोय, खोबऱ्यासारखाच. पण तुमच्या घरातलं तुम्ही बघा.) जे काही कळेल त्यावर त्या क्षणी स्वतःची बाजू मांडू नका, "बरं झालं सांगितलंत" एवढंच म्हणा आणि त्याच दिवशी त्याचं काहीतरी करा.

रडण्याची लाज वाटते म्हणता. रडलात तर रडलात, माणूस आहात. त्या रडण्यानं फारसं बिघडलं नाही, त्यानंतर कामात काहीच बदललं नाही त्यानं बिघडलं. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यांनी तुम्हाला पाणी दिलं असेल, समजूत काढली असेल, आणि दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचं पोतं पुन्हा त्याच पद्धतीनं, न बघता, फोडलं गेलं असेल. बरोबर का?

तर ती पद्धत आता ठरवून टाका. पोतं आलं की फोडणारीनं वरचे, मधले आणि तळातले तीन-चार तुकडे मोडून कच्चे चावून बघायचे. खवट असेल तर पोतं बाजूला आणि बॅच थांबवायची, ताईंना विचारायला येण्याआधी थांबवायची. थांबवायचा हक्क तिचा. हे तुम्हालाही माहीत असेल की ताज्या चटणीत मिरची-लसणाच्या वासाखाली खवटपणा दबतो, तुम्ही चाखलीत तरी कळत नाही, आणि दुकानात तीन-चार आठवडे उन्हाळ्यात पडली की वर येतो. म्हणजे ही चूक पकडायची जागा पोत्यापाशीच आहे आणि तिथं तुम्ही कधीच नसता, तुम्ही लक्ष्मीपुरीत मिरचीचा भाव करत असता. पहिल्यांदा एखादी घाबरून चांगलं पोतं थांबवेल. अर्धा दिवस वाया जाईल. त्या दिवशी तुमचा चेहरा कसा राहतो यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत, कारण बावीस जणी तेवढंच बघत असतील. "थांबवलंस ते बरं केलंस, आता हे बघ, हे खवट नाही, हे नुसतं जुनं आहे, फरक असा" एवढं त्या दिवशी तोंडातून आलं की काम झालं.

आणि सकाळी चहाच्या वेळी पाच मिनिटं एक प्रश्न विचारायची सवय लावा. "सगळं बरं हाय न्हवं?" हा प्रश्न बंद करा, त्याला एकच उत्तर असतं, व्हय. त्याऐवजी "काल काय बिघडलं?" पहिला आठवडा कुणी तोंड उघडणार नाही, एकमेकींकडं बघतील. तुम्ही स्वतःचं सांगा, काल मी ऑर्डर लिहिताना पाव किलोच्या जागी अर्धा किलो लिहिलं, पोराला उलटं जावं लागलं. कधीतरी एक जण बोलेल, बहुतेक वयानं सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात नवी.

आता सुपरवायझर. तुम्ही लिहिलंय बायका त्याचं ऐकायच्या नाहीत. मला विचारायचंय, तो नाही म्हणाला की बायका तुमच्याकडं यायच्या का, आणि तुम्ही हो म्हणायचात का? त्यानं सांगितलं आज साडेसहापर्यंत थांबायचं, कुणीतरी येऊन म्हणाली ताई माझी एसटी चुकते, आणि तुम्ही म्हणालात जा गं तू. असं दोनदा झालं की त्या माणसाची किंमत शून्य, बायकांनी काही न करता. तो गेला नाही, तुम्ही त्याला घालवलात, तेही गोड बोलून. एसटी खरंच चुकत असेल तर तिला सोडायलाच हवं, पण "त्यांना जाऊन सांग, ते सोडतील" असं म्हणायचं आणि त्याला बाजूला घेऊन सांगायचं की या चार जणींची शेवटची गाडी कधीची आहे ते बघून वेळ ठरवत जा. पुन्हा कुणाला ठेवाल तेव्हा आधी हे स्वतःशी पक्कं करा, नाहीतर पगार फुकट.

शिवाय बाहेरचाच माणूस कशाला, हाही प्रश्न आहेच. बावीसमध्ये दोन-तीन जणी अशा असणारच ज्यांच्याकडं बाकीच्या अडल्या की बघतात. तुम्हाला त्या माहीत आहेत. पण तुम्ही त्यांना काही देत नाही, कारण चव. तुमच्या पॅकेटवर "ताईंच्या हातची चव" छापलंय, आणि मला वाटतं तुमचाही त्यावर विश्वास बसलाय. मिरची किती भाजायची, ब्याडगी आणि संकेश्वरी किती-किती, तीळ कधी उतरायचे, हे सगळं तुमच्या अंदाजावर. तुम्ही लग्नाला गेलात की मोठी बॅच बंद. ही गोष्ट अभिमानाची वाटते, वाटणारच, पण यातच धंदा अडकलाय.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण चुकीच्या कारणासाठी देतात असं मला वाटतं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्यातलं कामाचं वाटतं ते हे, की त्यांनी हातातून काय सोडलं आणि काय ठेवलं. पीठ शाखेत मळायचं, सगळ्यांना तेच. लाटणं बायकांच्या घरी, तिथं कुणी डोक्यावर उभं नाही. आणि पापड परत आले की पुन्हा शाखेत वजन आणि तपासणी. दोन टोकं धरून ठेवली आणि मधलं सोडलं, म्हणून हजारो घरांत लाटलेला पापड एकसारखा निघतो. तुम्ही उलटं करताय ताई. कच्चा माल कसा आला ते बघायला कुणी नाही, तयार माल कसा गेला ते बघायला कुणी नाही, आणि मधल्या कढईपाशी तुम्ही स्वतः उलथनं घेऊन उभ्या.

कढई सोडायची तर आधी अंदाज वजनात आणा. एक बॅच तुम्ही तुमच्या हातानं करा, शेजारी एकीला काटा आणि वही घेऊन बसवा, तुम्ही जे उचलाल ते टाकायच्या आधी तिनं मोजायचं. चिडचिड होईल. होऊ दे. मग प्रत्येक बॅचची एक छोटी बरणी तारीख टाकून बाजूला ठेवायला लागा, तक्रार आली की ती उघडून बघता येते, डीलर खरं बोलतोय का तेही कळतं. आणि जीभ कुणाची चांगली ते शोधायला एक सोपी परीक्षा आहे, मोठ्या फूड कंपन्या हीच करतात. तीन वाट्या घ्यायच्या, दोनमध्ये एकाच बॅचची चटणी, तिसरीत वेगळ्या बॅचची, आणि न सांगता विचारायचं, वेगळी कुठली? एकदा बरोबर आलं तर नशीब म्हणू, चार-पाच वेळा लागोपाठ आलं तर ती जीभ आहे. सगळ्या बावीस जणींची घ्या, दुपारच्या सुट्टीत, चेष्टामस्करीत होऊन जाईल. तुम्ही स्वतःही बसा. तुमच्यापेक्षा एखादी सरस निघाली तर तिला त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं म्हणायची तयारी ठेवा, आणि पगारातही ते दिसू दे.

टोपी आणि मोबाईलबद्दल तुम्ही एका ओळीत तक्रार केलीय, की सांगून सांगून थकले, पॅकिंगला डोक्याला टोपी घालत नाहीत, हातात मोबाईल. एकच विचारते, तुम्ही आत जाता तेव्हा घालता का? का "दोन मिनिटांसाठी कशाला" म्हणून फोन कानाला लावून तशाच शिरता? आपल्याच गावातली गोष्ट आहे. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले, राजे होते, हुकूम काढून मोकळं होता आलं असतं. पण अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं तर महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. हुकूम वाचणारे किती असतील, महाराज कुठं चहा पितात हे मात्र अख्ख्या गावाला दिसत होतं. तुमच्या टोपीचंही तसंच आहे, तुम्ही आणि तुमच्या दिरांनी महिनाभर दारातच टोपी घालून आणि फोन बाहेर ठेवून आत जायचं, दुसऱ्यांना काही न बोलता. मग बोला.

डीलरच्या पैशाबद्दल थोडक्यात. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल (नसेल तर या आठवड्यात करा, फुकट होतं, आणि लॉट जायच्या आधीचं असलेलं बरं), तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं छोट्या उत्पादकाचे पैसे माल घेतल्यापासून, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढं गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ, आणि अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडं तक्रार करता येते. तुम्ही लगेच तक्रार करणार नाही हे मला माहीत आहे, करूही नका. पण बिलावर खाली या मुदतीची आणि व्याजाची ओळ छापून घ्या, आणि पैशाचं बोलणं ऑर्डर घेतानाच करा, वसुलीच्या वेळी नको, त्या वेळी कुणाचीच जीभ उचलत नाही. "मागच्या बिलाचे आले की हा लॉट निघतो." एवढं एक वाक्य. आरशासमोर म्हणून बघा हवं तर, हसू नका, मी ओळखत असलेल्या एका बेकरीवाल्यांनी असंच केलंय आणि त्यांचं चाललंय. शिवाय खवट लॉटबद्दल त्या पुण्याच्या डीलरला तुम्ही स्वतःहून फोन करून काय झालं आणि काय बदललं ते सांगितलंत का? ते सांगितल्यावर थकलेले पैसे मागणं सोपं जातं, कारण तुमची बाजू स्वच्छ असते.

धंदा दुसऱ्याच्या हातात द्यायचा का, यावर मी आज हो-नाही म्हणणार नाही. थकलेल्या माणसानं सीझनच्या शेवटी असले निर्णय घेऊ नयेत एवढंच म्हणते. पाऊस लागला की काम कमी होतं, वरच्यातलं दोन-तीन गोष्टी करून बघा, आणि दसऱ्याच्या सुमाराला स्वतःला विचारा की काम नकोसं झालंय का नुसती रात्रीची पाकिटं नकोशी झाली होती.

आणि तो पुण्याचा कोर्स. त्यात काय शिकवतात मला ठाऊक नाही, पण तुमच्या घरच्यांना वाटतंय तसं कुठल्याही कोर्समधून दोन दिवसांत आवाज मोठा होऊन येत नाही. शिकायला पाठवायचंच असेल तर खोबरं ओळखणाऱ्या त्या मावशीला पाठवा. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, फॉस्टॅक नावाचा ट्रेनिंगचा कार्यक्रम आहे, एखाद्या दिवसाचं काम असतं, आणि नियमाप्रमाणं दर २५ कामगारांमागे असा एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर असावा लागतो, म्हणजे तुम्हाला तो लागणारच आहे. तुमच्या डोक्यात लगेच आलं असेल की मीच करून येते. नका करू. ट्रेनिंग मराठीत मिळतंय का तेवढं आधी विचारा, त्या दिवसाची तिची हजेरी भरा, आणि ती परत आली की पोतं थांबवायचा हक्क तिला सगळ्यांसमोर द्या, दीर तिथं हजर असताना.